घरातून निघून घरी : बेसबॉलची तोंडओळख

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो. पोहोचल्यावर तिसऱ्याच दिवशी आमच्या आठ वर्षांच्या नातवाचा बेसबॉलचा सामना होता. "आबा, तुम्ही यायचंच," असा त्याचा हुकूम सुटला. आमचे बालपण इंदुरात गेले. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्या दिवसांच्या आणि सी. के. नायडूंच्या उत्तुंग षटकारांच्या गोष्टी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतच आम्ही वाढलो. चेंडू आणि फळी यांचा खेळ आपल्याला काय अवघड, अशा थाटात मी खुर्ची टाकून बसलो.

नातू फळी घेऊन उभा राहिला. दोन चेंडू त्याने हुकवले. तिसरा चेंडू मात्र त्याने न मारता शांतपणे जाऊ दिला. क्रिकेटमध्ये असा चेंडू सोडणे हे संयमाचे लक्षण. मी उत्साहाने टाळ्या वाजवल्या आणि "शाबास! सोडलास ते बरं केलंस!" असे मोठ्याने ओरडलो. आजूबाजूची मंडळी माझ्याकडे पाहू लागली. नातू मान खाली घालून परतला. घरी जाताना मोटारीत तो बराच वेळ गप्प होता, मग रडवेल्या आवाजात म्हणाला, "आबा, मी आउट झालो आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या."

तीस वर्षे मुलांना शिकवणाऱ्या माणसाला त्या एका वाक्याने विद्यार्थी केले. उरलेल्या मुक्कामात मी हा खेळ नेटाने समजून घेतला. आज आपल्या समाजातील कितीतरी घरांतील मुले-नातवंडे परदेशी आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्या आजी-आजोबांवर माझ्यासारखी वेळ येऊ नये, या हेतूने हा लेखनप्रपंच.

चौकटचे मैदान

पत्त्यांतील चौकटचे चिन्ह डोळ्यांपुढे आणा. बेसबॉलच्या मैदानाचा गाभा नेमका तसा असतो. चौकटीच्या खालच्या टोकाला 'होम प्लेट' ही जमिनीत बसवलेली पांढरी पंचकोनी पट्टी. फलंदाज येथे उभा राहतो. तेथून उजवीकडच्या कोपऱ्यावर पहिला बेस, वरच्या टोकाला दुसरा आणि डावीकडे तिसरा. एका बेसपासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ९० फूट. फलंदाजाने चेंडू मारून या तिन्ही बेसना क्रमाने स्पर्श करीत पुन्हा होम प्लेटवर, म्हणजे घरी परतायचे, की एक धाव पूर्ण झाली. ही फेरी एका दमात पूर्ण झाली पाहिजे असे नाही. एखाद्या बेसवर थांबून, मागून येणाऱ्या सोबत्याच्या फटक्याची वाट पाहून पुढे सरकता येते. बेसला पाय लावून उभे असेपर्यंत धावपटू सुरक्षित असतो.

होम प्लेटपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरून दोन रेषा थेट कुंपणापर्यंत जातात. चेंडू या दोन रेषांच्या काटकोनातच मारला पाहिजे. बाहेर गेला तर तो 'फाउल'. क्रिकेटमध्ये यष्टीमागेही धावा मिळतात, येथे मैदानाचा फक्त समोरचा चतुर्थांश भाग फलंदाजाच्या वाट्याला येतो. कुंपणाचे अंतर मात्र सर्वत्र सारखे नसते. बॉस्टनच्या फेनवे पार्क या १९१२ साली सुरू झालेल्या मैदानात डावीकडील भिंत तब्बल ३७ फूट उंच आहे, आणि तिच्यावरून चेंडू धाडणे ही एक स्वतंत्र कलाच मानली जाते.

पिचर आणि फलंदाज यांचे द्वंद्व

प्रत्येक संघात नऊ खेळाडू मैदानात उतरतात. चेंडू टाकणारा पिचर, होम प्लेटमागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा कॅचर, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसचे तीन रक्षक, दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळणारा 'शॉर्टस्टॉप', आणि दूर कुंपणाजवळ डावा, मधला व उजवा असे तीन क्षेत्ररक्षक. फलंदाजीचा क्रम आधी ठरलेला असतो आणि तो सामनाभर रहाटगाडग्यासारखा फिरत राहतो. पिचरच्या ऐवजी फक्त फलंदाजीसाठी वेगळा खेळाडू घेण्याची मुभा 'अमेरिकन लीग'ने १९७३ साली दिली. 'नॅशनल लीग'मध्ये ती २०२२ पासून कायमची झाली. एकदा बदललेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा खेळू शकत नाही.

पिचर साठ फूट सहा इंचांवरून चेंडू फेकतो. चेंडूचा टप्पा पडत नाही. तो हवेतूनच फलंदाजाकडे येतो. व्यावसायिक पिचरच्या चेंडूचा वेग ताशी दीडशे किलोमीटरांच्या घरात असतो, म्हणजे चेंडू मारायचा की सोडायचा हे ठरवायला फलंदाजास अर्धा सेकंदही मिळत नाही. फळी गोल असते, आणि चेंडूही गोल. या दोन गोलाईंची नेमकी गाठ पडणे किती दुर्घट असेल, याची कल्पना विटीदांडू खेळलेल्या वाचकांना सहज येईल.

आता माझी फजिती ज्या नियमाने झाली, तो नियम. होम प्लेटच्या रुंदीएवढा, आणि फलंदाजाच्या गुडघ्याच्या खालच्या कडेपासून खांदा व कंबर यांच्या मध्यापर्यंत उंचीचा एक अदृश्य चौकोन कल्पावा. यास 'स्ट्राइक झोन' म्हणतात. चेंडू या चौकोनातून गेला आणि फलंदाजाने तो मारला नाही, तरी तो 'स्ट्राइक' ठरतो. मारायला जाऊन हुकला, तर चेंडू कोठूनही गेलेला असो, तोही स्ट्राइकच. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. उलट, चेंडू चौकोनाबाहेरून गेला आणि फलंदाजाने त्याला हात लावला नाही, तर तो 'बॉल' मोजला जातो. असे चार बॉल झाले की फलंदाजास पहिला बेस फुकट मिळतो. यास 'वॉक' म्हणतात. चेंडू अंगावर आदळला तरीही पहिला बेस मिळतो. फाउल फटका हा पहिला आणि दुसरा स्ट्राइक म्हणून धरला जातो. दोन स्ट्राइक झाल्यावर मात्र साध्या फाउलने फलंदाज बाद होत नाही.

म्हणजे चेंडू सोडणे हा कधी संयम ठरतो, तर कधी घात. दोन स्ट्राइक झालेले असताना चौकोनातून आलेला चेंडू सोडला की संपले. माझ्या नातवाने नेमके तेच केले होते, आणि मी त्याच्या चुकीचा गौरव केला होता!

बाद होण्याचे प्रकार

तीन स्ट्राइक हा बाद होण्याचा एक मार्ग झाला. मारलेला चेंडू जमिनीस लागण्यापूर्वी झेलला गेला तरी फलंदाज बाद. हे आपल्या परिचयाचे आहे. तिसरा प्रकार ध्यानात ठेवण्याजोगा. चेंडू जमिनीवरून गेला की फलंदाजाला पहिल्या बेसकडे धावावेच लागते. क्रिकेटप्रमाणे फटका मारून जागेवर उभे राहण्याची सवलत येथे नाही. तो पोहोचण्यापूर्वी पहिल्या बेसवरील रक्षकाने चेंडू हातात घेऊन बेसला पाय लावला, की फलंदाज बाद.

पहिल्या बेसवर आधीच एक धावपटू असेल, तर मागून येणाऱ्यासाठी त्याला जागा रिकामी करून द्यावीच लागते. अशा सक्तीने धावणाऱ्याला बाद करण्यासाठी पुढच्या बेसला चेंडूसह पाय लावणे पुरते. सक्ती नसेल, तर मात्र हातातील चेंडू प्रत्यक्ष त्याच्या अंगाला लावावा लागतो. त्यामुळे धावपटू धुरळा उडवीत बेसवर झेप घेतात. कबड्डीत मध्यरेषेला हात लावण्यासाठी जशी झेप घ्यावी, अगदी तशी. एकाच फटक्यावर दोन गडी बाद करण्याच्या करामतीला 'डबल प्ले' म्हणतात. आणखी एक खुबी म्हणजे बेसची 'चोरी'. पिचर चेंडू टाकण्याच्या नादात असताना धावपटू पुढच्या बेसकडे पळत सुटतो. या चोरीला शिक्षा नाही, उलट वाहवा आहे; पकडला गेला तर मात्र बाद.

फटका मारून पहिला बेस गाठला तर 'सिंगल', दुसरा गाठला तर 'डबल', तिसरा गाठला तर 'ट्रिपल'. दोन रेषांच्या आतून चेंडू थेट कुंपणापार गेला तर 'होम रन'. मग फलंदाज आणि बेसवर असलेले सारे सोबती आरामात घरी येतात. तिन्ही बेसवर गडी असताना होम रन झाला, तर एका फटक्यात चार धावा. प्रेक्षकांत गेलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल, त्याचाच होतो. लहान मुले हातमोजा घालून सामना पाहायला का जातात, हे कोडे मला तेव्हा उलगडले.

नऊ डाव, आणि अनिर्णित काही नाही

तीन गडी बाद झाले की संघाची पाळी संपते. दोन्ही संघांची एकेक पाळी झाली की एक डाव. सामना नऊ डावांचा. पाहुणा संघ नेहमी आधी फलंदाजी करतो; यजमान नंतर. नवव्या डावात पाहुण्यांची पाळी संपताना यजमान पुढे असतील, तर त्यांना खेळण्याचे कारणच उरत नाही. बरोबरी झाली तर जादा डाव खेळले जातात. सामना अनिर्णित ठेवण्याची रीत नाही.

वेळेची मर्यादा नसल्याने सामने फार लांबू लागले होते. म्हणून २०२३ पासून पिचरवर घड्याळाचा अंकुश आला. बेस रिकामे असतील तर त्याने पंधरा सेकंदांत चेंडू टाकायला सुरुवात केली पाहिजे. या एका नियमाने सामन्याची सरासरी लांबी तीन तासांवरून सुमारे दोन तास चाळीस मिनिटांवर आली.

व्यावसायिक खेळाची उतरंड

अमेरिकेत उघडपणे पगारी खेळाडूंचा असा पहिला संघ १८६९ साली सिनसिनाटी येथे उभा राहिला. १८७६ साली 'नॅशनल लीग' स्थापन झाली. १९०१ साली 'अमेरिकन लीग' तिच्या बरोबरीने उभी राहिली. या दोहोंना मिळून आज 'मेजर लीग बेसबॉल' म्हणतात. प्रत्येकीत पंधरा, असे एकूण तीस संघ. त्यांपैकी टोरोंटोचा संघ कॅनडातील, बाकी सारे अमेरिकेतील. प्रत्येक लीगचे पूर्व, मध्य आणि पश्चिम असे पाच-पाच संघांचे तीन विभाग आहेत. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे जवळजवळ रोज एक. वाचकहो, हा सण नव्हे, हा नित्यनेम आहे.

त्यानंतर प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढे जातात : तीन विभागांचे विजेते, आणि उरलेल्यांतील सर्वोत्तम तीन. बाद फेऱ्यांतून प्रत्येक लीगचा एक विजेता निवडला जातो, आणि या दोघांत 'वर्ल्ड सिरीज' होते. सातांपैकी चार सामने आधी जिंकेल तो अजिंक्य. ही मालिका १९०३ साली सुरू झाली. २०२५ साली लॉस एंजेलिस डॉजर्सने टोरोंटोला हरवले, ते सातव्या सामन्याच्या अकराव्या डावात!

या शिखराखाली 'मायनर लीग'ची चार पायऱ्यांची शिडी आहे. प्रत्येक मोठ्या संघाचे चार पायऱ्यांवर चार संलग्न संघ, एकूण १२०. बहुतेक तरुण खेळाडू, विशेषतः परदेशातून आलेले, खालच्या पायरीपासून चढू लागतात, आणि त्यांतील फार थोडे वरपर्यंत पोहोचतात. शाळा-महाविद्यालयांतील मुलांची निवड १९६५ पासून 'ड्राफ्ट' या पद्धतीने होते. संघ पाळीपाळीने मुले निवडतात. मुलाला संघ निवडता येत नाही. शिवाय संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. सकाळी एका गावचा असलेला खेळाडू संध्याकाळी दुसऱ्या गावचा होतो. सरकारी नोकरीत बदलीचा कागद हाती पडलेल्या वाचकांना हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

एकेकाळी हे बंधन जन्मभराचे होते. संघाने सोडल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाताच येत नसे. १९६९ साली सेंट लुईसच्या कर्ट फ्लड या खेळाडूची बदली फिलाडेल्फियाला झाली, तेव्हा त्याने नकार दिला. आपण विकत घेण्याची वस्तू नाही, अशी भूमिका घेऊन तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७२ साली निकाल त्याच्या विरुद्ध लागला, आणि त्याची कारकीर्द तर त्याआधीच संपली होती. पण त्याने ठोठावलेले दार बंद राहिले नाही. १९७५ साली दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात लवादाने ते बंधन मोडीत काढले. आज मेजर लीगमध्ये सहा वर्षे सेवा झालेला खेळाडू करार संपताच आपला संघ आपण निवडू शकतो. आजच्या खेळाडूंना मिळणाऱ्या कोट्यवधी डॉलर्सच्या मुळाशी फ्लडसारख्या माणसाची ही झीज आहे.

बेचाळीस क्रमांकाचा सदरा

त्याहून खोल जखम वर्णभेदाची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढील सुमारे साठ वर्षे मेजर लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम नव्हता. पण अलिखित नियम अधिक कडक असतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. धारवाडला जन्मलेल्या पळवणकर बाळू या अव्वल गोलंदाजाला हिंदू संघात घेतले गेले, पण चहा वेगळ्या भांड्यातून आणि कर्णधारपद कधीच नाही. ते पद १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. अमेरिकेत कृष्णवर्णीयांनी १९२० पासून स्वतःच्या लीग चालवल्या आणि त्यांत एकाहून एक सरस खेळाडू झाले.

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ती भिंत कोसळली. त्याला शिव्या खाव्या लागल्या, धमक्या आल्या. पहिल्या काळात उलट उत्तर द्यायचे नाही, हे त्याने संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांना कबूल केले होते. त्याने उत्तर खेळाने दिले, आणि त्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. १९९७ साली त्याचा ४२ हा क्रमांक साऱ्या संघांनी कायमचा निवृत्त केला. आता दरवर्षी १५ एप्रिलला प्रत्येक खेळाडू ४२ क्रमांकाचाच सदरा घालतो. २०२४ साली जुन्या कृष्णवर्णीय लीगमधील आकडे अधिकृत नोंदींत मिळवले गेले, तेव्हा जॉश गिब्सन फलंदाजीच्या सरासरीत साऱ्या इतिहासात पहिला ठरला. गिब्सन १९४७च्या जानेवारीतच वारला होता. रॉबिन्सन मैदानात उतरण्यापूर्वी अवघे तीन महिने.

तीस टक्क्यांचा पहिला वर्ग

शेवटी एक हिशेब, आणि हा एका मुख्याध्यापकाला विशेष भावलेला. फलंदाजीच्या प्रयत्नांपैकी किती वेळा फटक्याने बेस गाठला, ते प्रमाण म्हणजे त्याची सरासरी. दहांतून तीन वेळा जमले तर तो उत्तम फलंदाज. दहांतून चारांचे प्रमाण पूर्ण हंगामभर राखणारा 'अमेरिकन' आणि 'नॅशनल' या दोन लीगमधील शेवटचा फलंदाज टेड विल्यम्स, तोही १९४१ साली. आमच्या शाळेत पस्तीस टक्क्यांच्या खाली मुलगा नापास. येथे तीस टक्क्यांना लोक डोक्यावर घेऊन नाचतात! दहांतून सात वेळा मान खाली घालून परतायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फळी घेऊन उभे राहायचे, हे शिक्षण आम्ही वर्गात देतो का, असा प्रश्न त्या दिवसांत माझ्या मनात वारंवार येऊन गेला. परतल्यावर नापास मुलांच्या पालकांशी बोलताना माझा आवाज थोडा खाली आला आहे, असे सहकारी शिक्षक म्हणतात.

आपल्या देशातही हा खेळ अगदीच परका नाही. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे दोन तरुण २००८ साली चेंडूफेकीची एक स्पर्धा गाजवून अमेरिकेत गेले आणि पिट्सबर्गच्या संघाशी करारबद्ध झाले. उलट दिशेचा प्रवासही पाहा : टेक्सासातील ग्रँड प्रेअरी येथे बेसबॉलसाठी बांधलेले मैदान पुढे क्रिकेटचे झाले, आणि ६ जून २०२४ रोजी तेथेच अमेरिकेने पाकिस्तानला हरवले. तो निर्णायक जादा षटक टाकणारा गोलंदाज होता मुंबईचा सौरभ नेत्रवळकर. २०२८ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकच्या कार्यक्रमात हे दोन्ही खेळ एकत्र आहेत.

नातवाची गोष्ट सांगायची राहिली. परत येण्याच्या आधीच्या शनिवारी त्याचा शेवटचा सामना होता. पुन्हा दोन स्ट्राइक झाले. तीन बॉलही झाले. पुढचा चेंडू गुडघ्याच्या बराच खालून आला. त्याची फळी थरथरली, पण त्याने ती आवरली. चौथा बॉल! तो पहिल्या बेसकडे निघाला आणि जाता जाता त्याने वळून प्रेक्षकांत माझ्याकडे पाहिले. आजी मला हळूच म्हणाली, "अहो, आता वाजवायच्या का टाळ्या?"

मी म्हटले, "आता वाजव."